करबोली

संशोधन उद्यान सोडून जाणाऱ्या माणसाला तिथलं ज्ञान तिथेच ठेवून जावं लागे. पूर्वी ही नुसती कागदावरची अट होती. बाहेर पडलेला माणूस नाक्यावर चहा पिता पिता सगळं दुसऱ्या कंपनीला सांगून मोकळा व्हायचा. आता तसं चालत नसे. आता जाणाऱ्याचं मोचन करत.

उद्यान विद्यापीठाच्या मागच्या माळावर होतं. अंडी उबवावीत तशा तिथे नव्या कल्पना उबवत आणि पिल्लू चालायला लागलं की कंपनी म्हणून बाहेर सोडत. म्हणून आसपासचे लोक त्याला सरळ 'उबवणी'च म्हणत. शाल्मली गवांदे तिथे आली ती आपल्या मुलीसाठी. जुईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. तिच्या तळहातावर टिचक्या मारत, रेघा ओढत, हलके चिमटे काढत शाल्मलीने तिच्याशी बोलायची भाषा घडवली होती. जुई शाळेच्या वयाची होईपर्यंत मायलेकी त्या भाषेत कडकडून भांडायलाही लागल्या. शाल्मली तिला करबोली म्हणायची. अडचण एवढीच, की जगात करबोली बोलणाऱ्या त्या दोघीच होत्या.

उबवणीत शाल्मलीने मोजा बनवला. जुईने तो घालून बोटं हलवली की मोजा मराठीत बोले. समोरचा बोलला की मोजा तिच्या तळहातावर करबोलीत टिचक्या देई. जुई शाळेत जाऊ लागली. तिला मैत्रीण मिळाली. आमटी खारट झाली की ती स्वयंपाकाच्या मावशींना तोंडावर सुनावायला लागली.

मग एका बड्या कंपनीने मोजा मागितला. त्यांना तो आधी खेळांसाठी विकायचा होता, मुलांचं नंतर बघू म्हणाले. शाल्मली अडून बसली. संचालक मंडळाने तिलाच काढलं. उबवणीत शिरताना तिने सही केली होती. त्या सहीनुसार मोजा उद्यानाचा होता, आणि मोज्याचं ज्ञानही.

मोचनाचं काम डॉक्टर हुद्दार बघत. मऊ बोलणारा, नीटनेटका माणूस.

"नेमकं काय करता तुम्ही? मला कळेल असं सांगा," शाल्मली म्हणाली.

"आठवण ही कपाटातल्या फायलीसारखी नसते, ताई. कच्च्या मडक्यासारखी असते. ती काढली की ओली होते, आणि मेंदू तिला पुन्हा वाळवून ठेवतो. आमचं औषध तिला वाळू देत नाही. तुम्ही फक्त आठवायचं. आठवलेलं आपोआप विरघळतं."

"म्हणजे सेन्सर, सर्किटं, प्रोग्रॅम."

"आणि करबोली."

"करबोली मी उबवणीत नाही शिकले. ती आमच्या घरातली आहे."

"मोज्याचा गाभा तीच आहे. वकिलांनी तसं मत दिलंय." हुद्दारांनी चष्मा पुसला. "तुम्ही नाही म्हणू शकता. बळजबरी कुणी करणार नाही. फक्त मालकीचा वाद मिटेपर्यंत सगळे मोजे बंद ठेवावे लागतील. तुमच्या मुलीचाही."

"मला ती पुन्हा शिकता येईल?"

"पाण्यावर रेघ ओढल्यासारखं होतं ते. आजवर कुणाला जमलेलं नाही."

शाल्मली घरी येऊन विचार करत राहिली. नाही म्हणावं, तर जुईच्या जगात पुन्हा एकच माणूस उरणार होतं. हो म्हणावं, तर सगळं जग राहणार होतं, आणि आईला मोज्यातून बोलता येणारच होतं. उद्या आपण मेल्यावर हिचं कोण, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिने होकार कळवला. जुईला मात्र काही सांगता आलं नाही. 'विसरणे' असा शब्दच त्या दोघींनी कधी केला नव्हता. "दवाखान्यात जाऊन येते," एवढंच तिने लेकीच्या तळहातावर सांगितलं आणि तिला शाळेच्या वसतिगृहात ठेवलं.

मोचन काही आठवडे चाललं. टेबलावर रबराचा एक तळहात ठेवलेला असे. शाल्मली एकेक शब्द सांगे आणि तो त्या हातावर करून दाखवी. पाऊस. गरम. 'नको' आला तेव्हा तिला हसू फुटलं, कारण जुईचा तो सगळ्यात लाडका शब्द. दुसऱ्या दिवशी आपण कशाला हसलो ते तिला आठवेना.

शेवटचा दिवस आला तेव्हा तिने एकच शब्द मागे ठेवला होता. तळहाताच्या मधोमध अंगठा टेकवायचा आणि हळूच फिरवायचा. आई.

"संपले," ती म्हणाली.

हुद्दारांनी तिच्या मेंदूतली हालचाल दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. "एक राहिलाय, ताई. तुम्ही लपवताय."

"कुठला, ते तुम्हाला कधीच कळणार नाही."

"मला कळायची गरजच नाही. लपवायचा म्हटला तरी तो मनात धरावा लागतो. औषध तुम्ही सकाळीच घेतलंय."

शाल्मलीने भिंतीकडे पाहिलं. पाढे म्हटले. माहेरच्या गल्लीतली घरं ओळीने आठवली. पण जितकं ती दुसरीकडे बघे, तितका तो अंगठा मनात येऊन फिरे. हुद्दार शांतपणे बसून राहिले. दुपारी तिचा हात टेबलावर नुसताच पडला होता आणि आपण का रडतोय हे तिला सांगता येत नव्हतं.

ती जुईला आणायला शाळेत गेली. जुईच्या बाई, लतिकाताई, व्हरांड्यातच भेटल्या.

"तुम्ही नव्हता तरी पोर खुशीत होती हो," त्या म्हणाल्या. "कंपनीने मोजा सुधारलाय. पूर्वी त्याच्या टिचक्या कोरड्या असायच्या. आता तुमच्या हाताची लकब घातलीय त्यात. प्रयोगाच्या वेळची मोजमापं होती म्हणे त्यांच्याकडे. जुई तर तो काढूच देत नाही."

जुई बाकावर बसली होती, उजव्या हातात मोजा. शाल्मलीने तिचा मोकळा डावा हात हातात घेतला. आपल्या अंगाला दवाखान्याच्या साबणाचा वास येतोय, हे तिच्या लक्षातही आलं नाही. जुईने तिच्या तळहातावर भराभर काहीतरी केलं. शाल्मलीला गुदगुल्या झाल्या. जुई थांबली, वाट पाहिली आणि पुन्हा केलं, या वेळी सावकाश. शाल्मलीने तिचा हात नुसता घट्ट धरला.

"जुई, मी आले गं," ती मोज्याजवळ वाकून म्हणाली.

मोजा टिचक्या देऊ लागला. जुईचा चेहरा उजळला. तिने मोजा गालाशी नेला आणि मग बोटं हलवली. मोज्यातून स्वच्छ, गोड आवाज आला:

"आई, इथे कुणीतरी माझा हात धरून ठेवलाय. त्यांना सोडायला सांग ना."

शाल्मलीने हात सोडला.