लाल झाक

कपाटाची काच फुटली होती आणि डोळे तपासायचा स्कोप गायब होता. बालरोगतज्ज्ञांनी स्वतः पोलिसांना फोन केला आणि इन्स्पेक्टरबाई येताच चोराचं नावगावही सांगून टाकलं.

“चिमणीचा बाप! काल इथेच ओरडत होता, ‘सोडणार नाही, रस्त्यावर आणीन.’ पोरीचा डोळा गेला, खापर माझ्यावर. उद्या माझी चौकशी आहे. दर लसीच्या वेळी त्याच स्कोपने तिचे डोळे बघत आलो मी. पुरावाच पळवला त्याने.”

बाई कपाटापाशी वाकल्या. खणात पांढरंशुभ्र कापड. त्यावर काचेचा चुरा, आणि मधोमध स्कोपच्या आकाराची स्वच्छ, रिकामी जागा.

“डोळे कसे बघता, डॉक्टर?”

“खोलीत अंधार करून डोळ्यांत उजेड टाकायचा. दोन्ही बाहुल्यांत लाल झाक दिसली की ठीक. पांढरी दिसली तर आत गाठ असू शकते. तिची लालच होती.”

“कुठे बघता?”

“इथेच.”

बाईंनी मान वर केली. भिंतभर खिडकी, ऊन थेट टेबलावर. पडदा नव्हता. पडद्याची दांडीही नव्हती.

बाहेर आया पोरांना घेऊन ताटकळत होत्या. डॉक्टरांची हाक सगळ्यांना पाठ होती: “पुढचा!” मूल टेबलावर टेकतंय न टेकतंय तोच पुन्हा, “पुढचा!”

बाईंनी नर्सला बाजूला घेतलं.

“काच कोणी फोडली?”

“चिमणीच्या बाबांनीच. बुक्की मारली. रक्ताची धार लागली! आम्ही लगेच दोन्ही हात धरून त्यांना बाहेर काढलं. मग डॉक्टरांनी मलाही घरी पाठवलं.”

“स्कोपचे सेल कोण बदलतं?”

“घड्याळाचे मी बदलते, थर्मामीटरचे मी बदलते. त्याचे मला कधी सांगितलेच नाहीत हो.”

“आणि हा डबा?”

वापरलेल्या सुयांचा डबा दाराशी होता, चिकटपट्टीने गच्च बंद.

“आज जाळायला नेतील. काल लसींचा दिवसही नव्हता, तरी भरला म्हणे. डॉक्टरांनी स्वतः बंद केला.”

तेवढ्यात हवालदार चिमणीच्या बापाला घेऊन आला. त्याच्या हाताला पट्टी, कडेवर चिमणी, तिच्या एका डोळ्यावर पट्टी.

“स्कोप घेतलात?”

“काच फोडली. ह्याचं तोंड फोडायचं होतं, ते राहिलं. तिच्या मावशीला साध्या फोटोत पांढरी बाहुली दिसली, बाई! आणि ह्याला तिला समोर बसवूनही दिसली नाही. मला ह्याला संपवायचंय.”

“थांबा जरा. मी संपवते.”

बाईंनी बाहेरचं दार सताड उघडलं. आया माना उंचावून बघू लागल्या.

“काच फुटली तेव्हा स्कोप खणातच होता. चुरा त्याच्याभोवती पडला, खाली नाही. रक्ताळलेल्या हाताने उचलला असता तर कापड पांढरं राहिलं नसतं. म्हणजे यांना बाहेर काढल्यावर कुणीतरी तो उचलला. कुणी?”

त्यांनी जाड हातमोजे चढवले, चिकटपट्टी कापली. सुयांच्या ढिगात स्कोप होता.

मागचं झाकण फिरेना. पकडीने करकरत निघालं. आत फुगलेले सेल, वर हिरवट खपली.

“यांची मुदत चिमणीच्या जन्माआधीच संपलीय. हा दिवा पेटतच नव्हता, डॉक्टर. ना इथे अंधार, ना हातात उजेड. तुम्ही तिच्या डोळ्यांत कधी बघितलंच नाही. झाकण निघालं असतं तर सेल बदलून मोकळे झाला असतात. निघेना, म्हणून चोर उभा केलात.”

“एवढी गर्दी… एकेकाला किती वेळ देणार मी?”

“ते चौकशीत सांगा. खोट्या फिर्यादीचं आधी बघू. चला.”

आयांनी पाय आखडून वाट दिली. एकीने पोराचं तोंड आपल्याकडे वळवून त्याच्या बाहुल्या निरखायला घेतल्या.

बापाने दार धरून ठेवलं होतं. त्याची मूठ वळली, आणि सुटली. डॉक्टर जवळून गेले तेव्हा त्यांना बघायला चिमणीला अख्खी मान वळवावी लागली.

बापाने बाहेरच्या पोलीस गाडीकडे बघून डॉक्टरांच्याच सुरात हाक दिली:

“पुढचा!”