भुवयांचा कौल

इलुलिसातच्या हेलिकॉप्टरतळाच्या फाटकातून पिपालुक बाहेर पडली आणि बारा कुत्रे तिच्या अंगावर आले.

खरं तर एकच आला. फाटक्या कानाचा, राखाडी. पण तो सगळ्यांचा म्होरक्या, त्यामुळे त्याच्यामागे उरलेले अकरा आले, त्यांच्यामागे स्लेजगाडी आली, आणि गाडीला धरून बर्फावरून पालथा फरफटत एक तरुण आला.

"थांब! अरे, थांब म्हणतो ना!" त्यानं उठून आधी टोपी शोधली, मग तिच्याकडे पाहिलं आणि टोपी घालायचीच विसरला. "माफ करा हं. हा असा कधी वागत नाही. तुम्ही अंगाला काही लावलंय का? मासळीचं तेल वगैरे?"

"नूकचा साबण लावलाय."

"मग तोच. राजधानीचा साबण त्यानं कुठे हुंगलाय!"

पिपालुकला हसू आलं, पण ती खाली वाकली होती. कुत्र्याच्या फाटक्या कानावरून तिनं अंगठा फिरवला. शिवल्याची जाड रेघ अजून लागत होती.

"हा कान याच्या आईनंच फाडला होता," ती म्हणाली. "बाबांनी शिवला. मी दिवा धरला होता."

बर्फ झटकणारा त्याचा हात थांबला.

"म्हणजे तू... गाब्रिएलची पिपालुक." तुम्हीचा तू कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. "मी एनोक. कुत्रे आता माझ्याकडे असतात. तुझ्या बाबांनीच तसं सांगून ठेवलं होतं."

ऑक्टोबरात बाबा गेले तेव्हा नऊ दिवस वादळ होतं, हेलिकॉप्टर उडालंच नाही. दफन तिच्याविनाच झालं, आणि दहाव्या दिवशी तिनं तिकीट परत केलं होतं. ती एनोकला यातलं काही बोलली नाही. त्यानंही विचारलं नाही. त्यानं फक्त स्लेजवर रेनडिअरचं कातडं दुहेरी अंथरलं.

तासिअक गाव इलुलिसातपासून चार तासांवर, गोठलेल्या खाडीपलीकडे. फेब्रुवारीतलं ऊन कोवळं होतं, बर्फाच्या कडा गुलाबी दिसत होत्या.

"ते ओझं कसलं गं?" एनोकनं मागून विचारलं.

"टेपरेकॉर्डर. मी रेडिओवर आहे. मंगळवारी सार्वमत आहे ना, त्याआधी लोकांचं मत गोळा करायचंय. आपल्या बेटानं युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं."

"अरे वा, रेडिओबाई! मग यंत्राच्या बॅटऱ्या कुठे आहेत?"

"यंत्रातच. आणखी कुठे असणार?"

"गोठतील की! आण इकडे." त्यानं चारही बॅटऱ्या घेतल्या आणि अंगातल्या जाड अनोराकच्या आत, छातीशी ठेवल्या. "बघतेस काय? यंत्रासाठी करतोय, तुझ्यासाठी नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण कान लाल झालेत तुझे."

"थंडीनं."

"बरं... थंडीनं."

खरं म्हणजे चार वर्षं ती रेडिओवर इतरांच्या मुलाखती टंकत होती. ही पहिली तिची स्वतःची. शुक्रवारी सहाच्या कार्यक्रमात, गावच्या दुकानातल्या फोनवरून, ही टेप नूकला ऐकवायची होती. "जमलं तर बातमीदार," संपादक योनाथान म्हणाला होता, "नाही जमलं तर टंकयंत्र काही पळून जात नाही."

"मग तुझ्यापासूनच सुरुवात करते," ती म्हणाली. "संघातून बाहेर पडायचं का?"

"मला सगळ्यांत शेवटी विचार."

"का?"

"म्हणजे तोवर तुला मला शोधत फिरावं लागेल."

तासिअकला ती एनोकच्या बहिणीकडे, दोर्थेकडे उतरली. दोर्थेनं कॉफी ओतली, केक कापला, आणि मग पाळण्यातलं तीन महिन्यांचं बाळ उचलून सरळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे. तुझे बाबा."

तिथे वारलेल्या माणसाचं नाव पुढे जन्मणाऱ्या बाळाला देतात आणि नावाबरोबर नातंही. पिपालुकला हे जन्मापासून ठाऊक होतं. शेजारच्या घरातल्या पोरांना आजोबा, मावशी म्हणत ती मोठी झाली होती. तरी केकचा तुकडा तिच्या हातातच राहिला. बाळ तिच्याकडे पाहत होतं, गंभीर, जणू उशीर का झाला ते विचारत होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "वादळ होतं हो."

बाळानं तिचं बोट धरलं. दारात उभा एनोक उगाचच चुलीत कोळसा सारायला वळला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॅटऱ्या परत दिल्या. त्या कोमट होत्या. तिनं त्या जरा जास्तच वेळ मुठीत धरल्या, आणि त्यानं ते पाहिलं.

दोन दिवसांत ती घरोघर फिरली. एकतीस माणसं, एकतीस कप कॉफी. म्हाताऱ्या आमालिएला विचारलं, "संघातून बाहेर पडायचं का, आजी?" आमालिएच्या भुवया थेट टोपीत गेल्या. दुकानदार थुएनं नाक मुरडलं ते कानापर्यंत. त्याचा बोटींचा धक्का युरोपच्या पैशानं बांधला होता. परदेशी ट्रॉलर बोटींनी ज्यांचे कॉड मासे पळवले होते, त्या मच्छीमारांच्या भुवया एकदमच उडाल्या. पिपालुक वहीत खुणा करत गेली, आभार मानत गेली. अगदी बाळालाही तिनं विचारलं. माइक पुढे केला, "बाबा, तुमचं काय मत?" त्यानं "आऽऽग्गू" म्हणून माइक चाटला.

शुक्रवारी पाच वाजता दुकानात तिनं टेप लावली. सोबतीला एनोक होता. त्याला अजून शेवटी विचारायचं राहिलं होतं.

"संघातून बाहेर पडायचं का, आजी?" टेपमध्ये तिचा आवाज आला. मग खरखर. मग कपबशीचा किणकिणाट. मग पुन्हा तिचा आवाज, "खूप आभार."

तिनं टेप पुढे सरकवली. प्रश्न. खरखर. कुत्र्याचं भुंकणं. "खूप आभार." पुन्हा पुढे. प्रश्न. खरखर. "खूप आभार."

"बॅटऱ्या गोठल्या," ती पांढरी पडून म्हणाली. "यंत्र बिघडलं!"

"यंत्र चांगलं आहे. तुझा आवाज येतोय, बशी ऐकू येतेय..." एनोक बोलता बोलता थांबला. त्याचे ओठ थरथरायला लागले. "पिपालुक, आमालिएनं तोंड उघडलं होतं का?"

तिनं वही उघडून खुणा पाहिल्या.

तोंड कुणीच उघडलं नव्हतं. हो म्हणजे भुवया वर, नाही म्हणजे नाक मुरडायचं. अख्खं गाव असंच बोलतं, तीही असंच बोलते. डेन्मार्कचा कुणी पाहुणा असता तर पहिल्याच घरी त्याला शांतता खटकली असती. तिला खटकली नाही, कारण तिला उत्तर मिळालं होतं, अगदी खणखणीत.

एनोक साखरेच्या पोत्यावर बसून पोट धरून हसला. ती चिडली, त्याच्या खांद्यावर तिनं वही हाणली, आणि मग तीही त्याच पोत्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ऑक्टोबरपासून ती अशी हसली नव्हती.

"एक तास उरलाय रे," ती डोळे पुसत म्हणाली. "आता मी ऐकवू काय?"

"आवाज नाही मिळाला, चेहरे तर मिळालेत. चेहरे सांग."

सहाला दुकान गच्च भरलं. आपण रेडिओवर कसे दिसतो ते बघायला सगळे आले होते. फोन लागला.

"बोल पिपालुक, तासिअकचं मत काय?" योनाथानचा आवाज.

"तासिअकचं मत टेपवर आलेलं नाही," ती म्हणाली. "मी एकतीस जणांना विचारलं आणि एकही जण बोलला नाही. म्हणून जे पाहिलं ते सांगते. हिरव्या टोपीतल्या एका आजींच्या भुवया इतक्या वर गेल्या, की अजून उतरलेल्या नाहीत..."

दुकान हसलं. ती सांगत गेली. थुएचं नाक, आणि त्या नाकामागचा धक्का. मच्छीमारांच्या भुवया, आणि त्यांची रिकामी जाळी. एकानं भुवया उचलता उचलता नाकही मुरडलं, आणि त्याच्याइतकं प्रामाणिक उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं, हेही सांगितलं. एकोणीस बाहेर, अकरा आत, एक अधांतरी.

"आणि टेपवर आलेलं एकच मत ऐकवते," ती म्हणाली. "गाब्रिएल, तासिअक."

"आऽऽग्गू," टेप म्हणाली.

पलीकडून योनाथानचं हसणं ऐकू आलं. तो हसला म्हणजे टंकयंत्र गेलं, हे तिला कळलं.

"झाले सगळे?" त्यानं विचारलं.

"एक उरलाय." तिनं वळून एनोककडे पाहिलं. "शेवटी विचार म्हणाला होतास. विचारते. संघातून बाहेर पडायचं का?"

"ते मी मंगळवारी मतपेटीलाच सांगेन," एनोक म्हणाला. दुकानात निषेधाचा गलका झाला. त्यानं हात वर केला. "पण मला एक विचारायचंय. चालेल, रेडिओबाई?"

"फोन चालू आहे रे..."

"असू दे." तो पुढे आला. टोपी त्याच्या हातात पिळली जात होती. "उद्या तुला हेलिकॉप्टरपर्यंत सोडायचंय. सोडतो. पण बर्फ वितळायच्या आत... परत येशील? कुत्र्यांसाठी नाही. बाबांसाठीही नाही. माझ्यासाठी?"

फोनमध्ये नुसती खरखर.

"आधी तिच्या बापाला विचार की, मेल्या!" आमालिए कडाडली.

सगळ्यांच्या माना दोर्थेच्या कडेवरच्या बाळाकडे वळल्या. एनोक बाळापुढे वाकला, अगदी अदबीनं. "गाब्रिएलकाका," तो म्हणाला, "तुमची हरकत नाही ना?"

बाळानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्यामागच्या दिव्याकडे पाहिलं. आणि त्याच्या दोन पुसट भुवया सावकाश वर गेल्या.

दुकानात एकच कल्लोळ झाला. त्या कल्लोळात फोन किंचाळत होता, "हॅलो? तासिअक? मुलगी काय म्हणाली? पिपालुक, उत्तर ऐकू आलं नाही!"

पिपालुकनं फोन तोंडाशी धरला होता. पण ती एनोककडे बघत होती, आणि तिनं तोंड उघडलं नाही.

पलीकडे योनाथान ओरडायचा थांबला. तोही याच किनाऱ्यावर वाढला होता.

"कळलं," शेवटी तो म्हणाला, आणि त्याचं हसू आवाजात मावत नव्हतं. "श्रोतेहो, सगळ्यांनाच कळलं असेल. आता हवामान."