टाकून दिलेली नोंद

अवतरणाला एकोणीस तास उरले असताना सलीम मुजावर आपली वही घेऊन नियंत्रणकक्षात आला, तेव्हा वत्सला चौबळ यांना थोडा रागच आला. चंद्राभोवती फिरणाऱ्या 'शर्वरी' यानात तिघं होते. खडक चुकवून त्यांना खाली उतरवणाऱ्या आज्ञावलीच्या कामगिरी-मापनावर वत्सलाताईंची सही होती. यानातल्यासारख्याच संगणकावर त्यांनी ती चाळीस हजार वेळा चालवली होती. खडक दिसल्यावर पंचवीस सहस्रांश सेकंदांत निर्णय व्हायला हवा होता. तिला कधी अकराच्या वर लागले नव्हते.

सलीमने ती एकदाही चालवली नव्हती. तो कार्यव्यय-गणित मांडणारा. प्रत्येक पायरीला जास्तीत जास्त किती वेळ जाईल ते कागदावर धरायचं आणि बेरीज करायची. त्याची बेरीज अडतीस येत होती.

ताई म्हणाल्या की तुझ्या गणितात सगळी संकटं एकदम येतात, प्रत्यक्षात तसं होत नाही. सलीमने एवढंच विचारलं, "प्रत्येक चाचणीतली पहिली नोंद कुठे आहे?"

ती टाकून देतात, हे त्यालाही ठाऊक होतं. पहिल्या खेपेला माहिती दूरच्या साठ्यातून आणावी लागते. पुढच्या खेपांना ती प्रक्रियकाला लागून असलेल्या निकटस्मृतीत तयार असते. म्हणून संगणक आधी तापवून घ्यायचा आणि मग मोजायचं, ही सर्वमान्य रीत.

"ताई, यान एकदाच उतरणार आहे."

वत्सलाताईंनी रद्द नोंदी उघडल्या. सदतीस. छत्तीस. पुन्हा सदतीस. बावीस वर्षं त्यांनी हीच नोंद निष्ठेने बाजूला काढली होती.

उपाय दोघांनी मिळून शोधला. उतरताना आज्ञावलीला खोट्या चंद्राची चित्रं दाखवून अखंड सराव करवायचा, म्हणजे निकटस्मृती भरलेली राहील. पण खरा चंद्र आला हे तिला सांगायचं कसं?

"सांगायचंच नाही," सलीम म्हणाला. "सांगणं ही नवी पायरी होईल. तिचीही पहिलीच खेप."

म्हणजे खोट्या चित्रांच्या जागी खरा कॅमेरा आणि इंजिनं तिला नकळत, माणसाच्या हाताने, एका खटक्याने जोडायला हवी होती. यानप्रमुख यशोदा गावित यांना हे वत्सलाताईंनी स्वतः कळवलं. आपण सही केलेला आकडा चुकीचा होता, हेही सांगितलं. यशोदाने किती उंचीवर, एवढंच विचारलं.

साठ मीटरवर तिने खटका खाली ओढला. निर्णयाला अकरा सहस्रांश लागले. यान एका काळ्या खडकावरून डावीकडे सरकलं, आणि टेकलं. इंजिनं विझल्यावर यशोदाने खटका पुन्हा वर केला.

कक्षात माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. सलीम खुर्चीत बसून रडत होता. वत्सलाताईंच्या पडद्यावर मात्र आज्ञावली पुढच्या, खोट्या खडकाला चुकवत खाली येत होती. आपण उतरलो, तिघं जिवंत आहेत, हे कळायला त्यांनी तिला वाटच ठेवली नव्हती.