प्रशीलचा स्वच्छ रिपोर्ट

मृणाली सोनवणे धुळ्याहून बसने जळगावला आली आणि खाजगी तपास करणाऱ्या कामिनी देवरेंच्या टेबलावर तिने नवऱ्याचा रिपोर्ट ठेवला. प्रशील, कॉलेजातला कारकून, वय बेचाळीस. छातीत दुखतं म्हणून तिनेच त्याला तपासणीला पाठवलं होतं. रक्त स्वच्छ आलं. आठवड्याभरात तो हृदयविकाराने गेला.

"लॅबने दुसऱ्याचं रक्त त्यांच्या नावावर घातलं," ती म्हणाली. "एवढंच सिद्ध करून द्या."

कामिनीबाईंचे सहकारी लीलाधर यांना ते लगेच पटलं. बाईंनी सिगारेटचं विचारलं. वीस वर्षं ओढली, पण वर्षापूर्वी सोडली, असं मृणालीने सांगितलं.

धुळ्यात दोघे आधी डॉक्टरांना भेटले. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी आणि सूज दाखवणारं प्रथिन सहसा वाढलेलं असतं, ते म्हणाले. इथे दोन्ही अगदी कमी. सोडली असेल तर होऊ शकतं. पण कॉलेजच्या कँटीनवाल्याने वेगळंच सांगितलं. प्रशील शेवटच्या दिवसापर्यंत मागच्या भिंतीशी उभा राहून ओढत होता.

"म्हणजे लॅबच दोषी," लीलाधर म्हणाले.

लॅबमध्ये रक्त काढणारा वना गडबडला नाही. नळीवर चिठ्ठी त्याने त्या माणसासमोरच लावली होती. माणूस लक्षात राहिला तो बाहीवरच्या काळ्या डागांमुळे. शाई समजून वनाने स्पिरिट चोळलं, तर तो हसून म्हणाला, हे डाग शर्ट फाटला तरी जात नाहीत.

तिथून ते सावद्याला गेले. प्रशीलचा धाकटा भाऊ जीवन तिथे केळीचे घड कापायचा. तपासणीच्या दिवशी भावाला सोबत म्हणून तो धुळ्यात होता. लीलाधरांनी काडेपेटी मागितली, तेव्हा आमच्यात ओढणारा एकटा भाऊच होता, असं जीवन म्हणाला. मागे दोरीवर त्याचे शर्ट वाळत होते. धुतलेले, तरी चिकाने काळे पडलेले.

दुसऱ्या दिवशी कामिनीबाईंनी त्याला मृणालीच्या घरी नेलं.

"लॅब चुकली नाही," त्या म्हणाल्या. "नळी तीच, नाव तेच. हात दुसरा होता. तुमचे मिस्टर ओढत होते आणि रक्त न ओढणाऱ्यासारखं निघालं. नुसत्या आकड्यांवरून मी बोलले नसते. पण कॉलेजातल्या कारकुनाच्या बाहीवर केळीचा चीक कुठून येणार?"

जीवन खाली बसला.

"भाऊ म्हणाला, तुझ्या वहिनीला दिलेला शब्द मोडलाय, रक्तात कळेल. यावेळी तू दे. महिन्याभरात सोडतो, मग माझं देतो."

मृणाली सांगू लागली. प्रशील गेला त्या सकाळी त्याच्या छातीत पुन्हा दुखलं होतं. रिपोर्ट चांगला आहे, पित्त असेल, असं म्हणून तिने सरबत करून दिलं. तो प्यायला, बरं वाटतंय म्हणाला, आणि ती शाळेत शिकवायला गेली.

"रिपोर्ट कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला इतके घाबरत होते?"

उत्तर जीवनने दिलं.

"घाबरत नव्हता, वहिनी. तुम्ही रडलेलं त्याला बघवत नसे."

नवरा गेल्यापासून मृणाली मोठ्याने रडली नव्हती. आता ती रडली, आणि तिला कुणी थांबवलं नाही.