तांदळातलं नाव

बस गं मीना. लाइट गेली की मी इथेच बाहेर बसते, आत जात नाही. ती मेणबत्ती जरा अलीकडे सरकव, म्हणजे तुझं तोंड दिसेल. पत्रिका छान छापल्यात हं तुझ्या. एकच विचारते, राग मानू नकोस. लग्नात नाव बदलणार आहेत का तुझं? ... हसू नकोस. आधी ऐक, मग हस.

तुम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला यायच्या आधीची गोष्ट आहे. माझी वृंदा तुला माहीत नाही. एकुलती एक. तिचे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. पासपोर्टची पुस्तकं तिथेच छापतात. "सगळ्या देशाला मी परदेशात पाठवतो," असं हे ऐटीत सांगायचे, आणि बायकोला कधी सप्तशृंगीच्या गडापलीकडे नेलं नाही. वृंदा दहावीत असताना गेले. मग आम्ही दोघीच राहिलो, भांडत आणि खिदळत. तिला बारमाही सर्दी. रुमालावर निलगिरीचं तेल टाकून तो सतत नाकाशी धरायची. "तुझ्या रुखवतात निलगिरीच्या बाटल्याच मांडते बघ," म्हणून मी चिडवायची.

तिचं लग्न ठरलं नांदगावच्या पगार आडनावाच्या घरातल्या हेमंतशी. मुलगा सोन्यासारखा. जर्मनीत कॉम्प्युटरची नोकरी. दोघं एकमेकांना पसंत होती, नुसती पसंत नाही, वेडी झाली होती. साखरपुड्यानंतर फोन ठेवायलाच तयार नसायची कार्टी. फक्त विहीणबाईंचा एक हट्ट होता, घराण्याच्या रीतीप्रमाणे सुनेचं नाव बदलायचं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, आणि हेमंतने अंगठीने त्यात नाव लिहिलं. केतकी. सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. हेमंत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, मी मात्र वृंदाच म्हणणार." तेवढ्यात मागून कोणाचा तरी धक्का ताटाला लागला, तांदूळ सांडले आणि हशा पिकला.

हेमंत पुढे जर्मनीला गेला. वृंदा माझ्याकडे राहिली, कारण तिकडे राहण्याचा परवाना मिळाल्याशिवाय तिला जाता येत नव्हतं. कागद काय लागतात ते कोणालाच धड माहीत नव्हतं. एक जण म्हणे दाखल्याचं भाषांतर हवं, दुसरा म्हणे भाषांतरावर पुन्हा शिक्का हवा. आम्ही दोघी सायबर कॅफेत जाऊन त्या ईमेल छापून आणायचो आणि रात्री जेवताना त्यातल्या शब्दांवरून वाद घालायचो. लग्नाच्या दाखल्यावर विहीणबाईंनी हौसेने केतकी लावलेलं, आणि पासपोर्टवर वृंदा. मग एक दिवस हेमंतचा फोन आला. आवाज पडलेला.

"आई, इथली परवान्याच्या ऑफिसातली बाई म्हणते या दोन वेगवेगळ्या बायका आहेत. पासपोर्टवाली वेगळी आणि लग्न लागलेली वेगळी."

"तिला सांग, आमच्याकडे असंच असतं."

"सांगितलं, आई. तिला कळतच नाही. ती म्हणते, लग्नाने माणूस बदलतं का?"

मी तेव्हा हसले होते. परदेशातली लोकं काय काय विचारतात म्हणून शेजारणीलाही सांगितलं.

मग आम्ही कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे गेलो. मल्हारी नाव त्याचं. वृंदा आणि केतकी ही एकच व्यक्ती आहे, असं प्रतिज्ञापत्र केलं. तेही तिकडून परत आलं. मल्हारी म्हणाला, "ताई, दोन नावं ठेवली की घोळ होतोच. एक सोडून द्या. जुनं नाव सोडलं असं लिहून देऊ, राजपत्रात छापून आणू, त्यावर नवा पासपोर्ट. लय सोप्पं हाय."

मला ते पटलं गं. मला वाटलं नाव काय, घरात तर मी वृंदाच म्हणणार आहे. सही करायच्या सकाळी आम्ही पुन्हा कोर्टापाशी गेलो. ती पिंपळाखाली वकिलाच्या टेबलाशी उभी राहिली, नाकाला रुमाल लावून. टेबलामागच्या वकिलाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "मजकूर वाचला ना? मान्य आहे ना? तोंडाने सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"यापुढे मी वृंदा नाही," ती म्हणाली. "मी केतकी."

आणि तिने रुमाल खाली घेतला. मोकळा श्वास घेतला, अगदी खोल. सर्दीचा मागमूस नाही. मला बरंच वाटलं. चला, हवा बदलायच्या आधीच गुण आला म्हटलं.

घरी यायला रिक्षा केली. रविवार कारंजाच्या पुढे आल्यावर रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "ताई, तुमची दुसरी पोरगी येत नाय का? कोर्टापाशीच उभी राहिली ती. रडत व्हती."

"आम्ही दोघीच होतो," मी म्हटलं.

त्याने पुन्हा आरशात पाहिलं, मग माझ्या लेकीकडे पाहिलं, आणि रिक्षाचा वेग वाढवला.

घरी आल्यावर मी पंख्याखाली बसले. ती पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही दमला असाल, आई. तुम्ही बसा, मी चहा टाकते."

मीना, तू तुझ्या आईला कधी 'तुम्ही' म्हणालीस का गं? सासूला म्हणतात. मला वाटलं थट्टा करतेय, तिकडची रंगीत तालीम. मी म्हटलं, "अगं, मी तुझी सासू नाही, आई आहे." ती हसली. पाहुण्यांपुढे हसतात तसं हसली. चहात साखर किती, हेही मला विचारलं तिने. चौथीत असल्यापासून माझा चहा करणारी मुलगी!

दिवेलागणीला मी देवापुढे उदबत्ती लावत होते. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, बांगड्यांचा आवाज येत होता. तेवढ्यात बाहेरची कडी वाजली. चपला काढल्याचा आवाज झाला, एक आधी, एक मागून, वृंदा काढायची तशा. कोणी आत आलेलं दिसलं नाही. पण उदबत्तीच्या वासातून दुसरा वास आला. निलगिरीचा. तो माझ्या जवळून आतल्या खोलीकडे गेला. आणि तिथून सर्दीने भरलेला आवाज आला.

"आई... तू मला तिथेच ठेवून कशी गं आलीस?"

माझ्या हातातली उदबत्ती पडली. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. "आई, तुम्हाला काही हवंय का?" केतकीने विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. पुढेही कधी आलं नाही.

पुढचे दिवस कसे काढले ते मला विचारू नकोस. एक मुलगी समोर जेवायला बसलेली, नीटनेटकी, शहाणी, उलटून न बोलणारी. आणि एक आतल्या खोलीत, जिचं काही दिसायचं नाही. नुसता ओला टॉवेल, फणीत केस, आणि तो वास. मी केतकीला तिच्या वडिलांच्या गोष्टी सांगून पाहिल्या. गेटपाशी येऊन ते शीळ घालायचे, ती धावायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो का? छान स्वभाव होता त्यांचा." मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

आणि सगळं कसं झटपट झालं बघ! नवा पासपोर्ट आला, तिकडचा परवाना आला. एकही शंका नाही. विहीणबाईंनी नांदगावहून पेढे पाठवले. केतकी निघाली त्या दुपारी मुंबईची गाडी खाली उभी होती. तिने वाकून नमस्कार केला. डोळ्यांत टिपूस नाही. "येते, आई. तुम्ही तब्येतीला जपा." गाडी वळल्यावर मी वर पाहिलं. आतल्या खोलीच्या खिडकीचा पडदा कोणीतरी मुठीत घट्ट धरला होता. मूठ दिसत नव्हती, पडद्याच्या चुण्या दिसत होत्या.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लोकांच्या मुली जातात, माझी राहिली. संध्याकाळी मी दोन ताटं घ्यायची. ती विचारायची, "आई, तू जेवलीस?" त्या 'तू'साठी मी दिवसभर वाट बघायची. भीती कसली? आपल्याच पोटची पोर. फक्त एक गोष्ट काळजाला घरं पाडायची. पोस्टमन जिन्यात आला की आतून आवाज यायचा, आशेने भरलेला.

"आई, माझे कागद आले का गं?"

"येतील हं, बाळा," मी म्हणायची. दुसरं काय सांगणार होते? तिच्या नावाचा अर्जच कुठे उरला नव्हता. मी स्वतः मान हलवून तो मिटवला होता.

मग पहिल्या दिवाळीच्या सुमाराला हेमंतचा फोन आला. अशीच लाइट गेलेली.

"आई... ही चांगली आहे. सगळं करते. पण..." त्याला रडू फुटलं. "मी वृंदा म्हणून हाक मारली की मागे वळून बघते, कोणाला बोलावतोय म्हणून. आमच्या साखरपुड्याचं काही आठवत नाही तिला. आई, माझी वृंदा तुमच्याकडे राहिलीय का? असेल तर तिला पाठवा हो. कशीही पाठवा. नुसतं सांगा तिला, की मी वाट बघतोय..."

माझ्या मागे वास दाट झाला. ती दाराशी येऊन उभी होती, मला कळलं. आल्या दिवसापासून आतल्या खोलीबाहेर ती कधीच आली नव्हती.

"आई, कोणाचा फोन गं?"

तिला कागद नको होते, मीना. एवढा निरोप पुरला असता. तो ऐकला असता तर ती गेली असती, कुठल्याही परवान्याशिवाय. मला तेव्हाच कळलं ते. मी रिसीव्हरवर हात ठेवला. फोनमधून "आई, आई" असा बारीक आवाज येत होता. मी तो खाली ठेवला.

"राँग नंबर," मी म्हटलं.

मेणबत्तीची ज्योत हलली नाही. मग चपलांशिवायची पावलं आतल्या खोलीकडे गेली, सावकाश. दार लोटल्याचा आवाज आला. आणि आतून ती बोलली, सर्दी नसलेल्या, स्वच्छ आवाजात.

"बरं. तुम्ही जेवून घ्या, आई."