बिनसाखरेचा चहा

चाकणच्या कारखान्यात बुद्धभूषण यंत्रांचे सुटे भाग तपासत असे. हातात घेऊन पाहिल्याशिवाय सही करायची नाही, आणि लाल खडूची फुली पडलेला भाग गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे दोन नियम त्याला वडिलांनी, भीमराजांनी, शिकवले होते. तेही त्याच कारखान्यातले. एरवी तो इतका भिडस्त, की रिक्षा थांबवतानाही त्याचा आवाज घशातच विरून जाई.

म्हणूनच रविवारी दुपारी आईने, चतुराबाईंनी, पुनावळ्याच्या हॉटेलात चल म्हटलं तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही. मॉलमध्ये तिने सोडतीचं कूपन भरलं होतं. दीड तास सुट्टीच्या योजनेची माहिती ऐकायची, की भिंतीवरचं घड्याळ फुकट. ‘कुटुंबातील माणसं’ या रकान्यात तिने सवयीने ‘तीन’ लिहिलं होतं. भीमराजांना जाऊन वर्ष झालं होतं.

टेबलापाशी तीन खुर्च्या होत्या. योगिनी नावाच्या विक्रेतीने चहाचे तीन कप मांडले.

“हा बिनसाखरेचा,” म्हणत तिने तिसरा कप रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

बाबांना साखर चालत नसे. पण ते लिहायला कूपनात रकानाच नव्हता.

बाहेर महामार्गावरून ट्रक जात आणि काचा बारीक थरथरत. कुठल्याशा टेबलावर सही झाली की टाळ्या वाजत. योगिनी अल्बम उलटत होती. तळं, टेकडी, कौलारू घरांची रांग.

“वर्षातून सात दिवस, पंचवीस वर्षं. बाबांनी कधी रजा घेतलीच नाही ना, सर?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

तिने हसून पान उलटलं. फोटोतल्या व्हरांड्यात एक माणूस पाठमोरा बसला होता. चाकणच्या कारखान्याचा निळा शर्ट, डावा खांदा किंचित उतरलेला. चतुराबाईंनी फोटोवर बोट ठेवलं, ते उचललंच नाही.

“तुझे बाबा वाट बघायलेत रे.”

“आई, दुसरं कुणी असेल.”

“चाळीस वर्षं संसार केला. पाठ वळखू येत नाही व्हय मला?”

अर्ज पुढे आला. कुटुंबप्रमुखाच्या जागी सही झालेली होती. भीमराजांची, शेवटचं अक्षर खाली ओढलेली. शाई ओली होती. तो मान वर करेपर्यंत शेजारी आईचीही सही उमटली.

“आता तुमचीच राहिली, सर. त्यांना तिथं एकटं ठेवायचं का?”

दालन शांत झालं होतं. टेबलाटेबलांवरची माणसं टाळीसाठी हात उचलून थांबली होती.

घशातला आवाज त्याने ओढून बाहेर काढला. “पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.”

“पाहायला यावं लागेल, सर.”

त्याने सुट्टीतही खिशात असणारा लाल खडू काढला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अर्जावर फुली मारली आणि आईचा दंड धरून तो उठला. घड्याळ त्याने घेतलं नाही.

पाठीमागे एक टाळी वाजली. मग सगळ्या.

कासारवाडीच्या घरी आईने चहा टाकला. वर्षभर ती न चुकता तीन कप भरत आली होती. आज दोनच भरले. त्याला हायसं वाटलं.

एक त्याचा होता. दुसऱ्यात साखर नव्हती.

“आणि तुझा?”

“मला नको. उशीर व्हायलाय.”

तिने चप्पल काढलेली नव्हती.

त्याने दाराला कडी घातली. कुलूप लावलं, किल्ली मुठीत आवळली. मग बाबांच्या खुर्चीकडे वळून, जन्मात पहिल्यांदाच शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने, तो म्हणाला, “ती कुठेही जाणार नाही, बाबा. फुली पडली आहे. तुम्हीच शिकवलंत.”



मोरीत ओतून द्यायला त्याने दुसरा कप उचलला.

काठ गरम होता. कप रिकामा.