आई, बोला

पाळण्यावरचं चिमणाळं पुन्हा हिरवं झालं, आणि ऊर्जाच्या आईनं अंगाई मध्येच थांबवून त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "पाय वं, कसं खूश होते! मले तर वाटते, याले माझं गाणं आवडते."

चिमणाळं म्हणजे तेच, पाळण्यावर टांगायचं, रंगीत कापडी चिमण्यांचं. फक्त या चिमण्यांना ऐकू यायचं! दवाखान्यातून बाळासोबत प्रत्येक घरी असं एक चिमणाळं यायचं. प्रत्येक चिमणीच्या पोटात हरभऱ्याएवढा एक स्वरवेधी बसवलेला असायचा, आणि तो बाळाला नाही, बाळाच्या आईला ऐकायचा. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन हळूहळू अंधारात उतरत जातं. त्यांच्या स्वतःच्या लक्षात येण्याआधी ते त्यांच्या आवाजात उमटतं. चिमण्या हिरव्या, म्हणजे आई ठीक. पिवळ्या, म्हणजे लक्ष द्या. आणि चिमण्या गोल फिरू लागल्या, तर यंत्र तिच्यासाठी राज्यभरातून माणूस शोधतंय. मनाचं दुखणं ऐकायला शिकलेला, खराखुरा माणूस.

परतवाड्याच्या या घरात ते ऊर्जानंच लावलं होतं. दहावीचा अभ्यास टाळायला याहून चांगलं कारण कुठलं?

बाळाची आई, म्हणजे ऊर्जाची मोठी बहीण प्रांजल, शेक घेऊन भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला घट्ट रुमाल, कानांत कापसाचे बोळे. खोलीत ओव्या-शेपाच्या धुरीचा वास भरला होता.

"प्रांजल, घे वं त्याले जरासं मांडीवर," आई म्हणाली.

"तूच घे."

"अन् मी म्हातारी झाल्यावर?"

"तेव्हाही तूच."

आई हसत हसत स्वयंपाकघरात गेली. तिकडे अळिवाची खीर उतू चालली होती. ऊर्जा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, तेव्हा प्रांजल पाळण्यात वाकून बघत होती. फार हळू आवाजात ती बाळाला म्हणाली, "तुझं काही अडणार नाही. मी नसले तरी चालेल तुला."

ऊर्जाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिनं वर पाहिलं. चिमण्या हिरव्यागार!

"ए, बहिऱ्या झालात का?" ती ओरडलीच.

"बाळाची आई आनंदात आहे," चिमणाळं गोड आवाजात म्हणालं. "आज त्यांनी छान अंगाई म्हटली."

अंगाई? ताईनं तर बाळ झाल्यापासून साधं गुणगुणलंसुद्धा नव्हतं! आणि मग ऊर्जाला तो पहिला दिवस आठवला. तिनं चिमणाळं सुरू केलं, ते म्हणालं, "आई, बोला." आणि आतून हात पुसत पुसत कोण धावत आलं होतं? "हो, बोला ना, काय म्हणता?"

या घरात 'आई' म्हटलं की एकच बाई 'ओ' द्यायची. प्रांजल, ऊर्जा, शेजारची पोरं, सगळे तिलाच आई म्हणायचे. एवढं हुशार यंत्र, पण त्यानं आजीलाच आई धरलं, आणि तेव्हापासून तिचंच गाणं ऐकून ते हिरवं होत होतं. एरवी ऊर्जा यावर पोट धरून हसली असती.

"ताई, ते आईला ऐकतंय! तुला नाहीच!"

"मग बरोबर आहे," प्रांजल म्हणाली. "आई तीच आहे."

पाढे म्हणावेत तशा सपाट आवाजात.

ऊर्जा स्टुलावर चढली. चिमणाळ्याची कळ दाबून म्हणाली, "चूक झाली. बाळाची आई वेगळी आहे."

"दुसरी आई जोडू?"

"जोड! लवकर जोड!"

"आई, बोला."

"काय वं?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"आई, तू नको बोलूस! अजिबात नको!"

"आता आपल्याच घरात बोलायचंही नाही का?"

ऊर्जानं ताईचा हात धरला. "बोल ना. काहीही बोल."

"काय बोलू? बरी आहे मी."

हे 'बरी आहे' सगळ्यांना मिळायचं. शेजारणींना, फोनवर तिच्या नवऱ्याला, भावजींनासुद्धा. मागे एकदा तिनं स्वतःच फोनवर एक समुपदेशक शोधली होती. त्या बाईनं विचारलं, एक ते दहामध्ये किती उदास वाटतं? 'बरी आहे' म्हणून प्रांजलनं फोन ठेवला, आणि पुन्हा कुणाला शोधलं नाही.

पण दुसरी आई जोडताना विझलेल्या चिमण्या हिरव्या झाल्या नाहीत. त्या थांबून राहिल्या.

"बरी आहे म्हटलं ना." थोड्या वेळानं, "झोप होत नाही... एवढंच."

चिमण्या पिवळ्या झाल्या. मग विझल्या. आणि वारा नसताना, पंखा बंद असताना, हळूहळू गोल फिरू लागल्या. त्यांच्या सावल्या छतावरून, भिंतीवरून, बाळाच्या कपाळावरून सरकत गेल्या.

"काय ऐकलंस तू?" ऊर्जानं कुजबुजत विचारलं.

"शब्द नाही. शब्दांमधले थांबे," चिमणाळं म्हणालं. "त्या थांब्यांत ज्याला थांबता येतं, असा माणूस शोधतो आहे."

वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून रस्ता शोधतं, हे ऊर्जा शाळेत शिकली होती. पण न बोललेल्यावरून माणूस शोधायचा? या क्षणी समुद्रापासून मेळघाटापर्यंत कितीतरी माणसांची शांतता ताईच्या शांततेला लावून बघितली जात होती, कुलपाला किल्ल्या लावून बघाव्यात तशी!

चिमण्या थांबल्या.

"नमस्कार. मी नफीसा," एक भरदार आवाज आला. "राजापुरात असते, मनाच्या आजारांवर उपचार करते. मागं पाळणा हलतोय का? कडी कुरकुरतेय."

"हो," प्रांजल म्हणाली.

आणि नफीसाताई गप्प! ऊर्जाला वाटलं, लाइन गेली. पण पलीकडचा श्वास ऐकू येत होता. त्या शांततेला कसलीच घाई नव्हती. विहिरीत पोहरा सोडून दोर धरून उभं राहावं, तशी ती बाई तिकडे उभी होती.

"मला हे बाळ माझं वाटत नाही," प्रांजल म्हणाली.

आई पळी घेऊन दारात आलेली. 'असं बोलू नये वं' हे तिच्या ओठांवर आलंच होतं, पण ऊर्जानं उडी मारून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हं," नफीसाताई म्हणाली. जराही दचकली नाही. "असं कितीतरी जणींना वाटतं, बोलत नाहीत एवढंच. यात तुमचा दोष नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. आता एक सरळच विचारते. आपण नसावंच, असं वाटतं?"

केवढा मोठा थांबा! चिमण्याही हलल्या नाहीत.

"वाटतं."

"सांगितलंत ते फार चांगलं केलंत. आज मी घाईनं जाणार नाही. घरात कोण आहे तुमच्याजवळ?"

"आई आहे." प्रांजलनं मान वळवली. "आणि एक आगाऊ बहीण."

ऊर्जाला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. ताईनं तिला किती दिवसांनी चिडवलं होतं!

मग नीट ऐकू यावं म्हणून प्रांजलनं कानातले बोळे काढले. 'कानात वारं जाईल,' असं आई म्हणाली नाही. तिनं ते बोळे आपल्या तळहातावर घेतले. संध्याकाळी दवाखान्यात कुणाला भेटायचं ते ठरलं. तोवर आणि पुढेही प्रांजलला एकटं ठेवायचं नाही, हेही ठरलं. उद्या पुन्हा बोलायचं होतं. पाळण्याची दोरी हातात ठेवूनच प्रांजलचा डोळा लागला.

"राजापूर!" आई खाली बसत पुटपुटली. "इतक्या लांबची? अमरावतीत नाही भेटली का कोणी?"

"गाव नाही जुळवत ते, आई. थांबे जुळवतं."

"अन् आमच्या वेळी... तू झाली तेव्हा..." आई थांबली. हातातल्या कापसाकडे बघत राहिली.

"मी झाले तेव्हा काय?"

"काही नाही. बरी होती मी."

वारा नव्हता. पंखाही बंदच होता. पाळण्यावरच्या चिमण्या विझल्या आणि हळूहळू गोल फिरू लागल्या. ऊर्जा बघतच राहिली. तिनं दुसरी आई जोडली होती, पण पहिली पुसली कुठं होती?

"आई, बोला," चिमणाळं म्हणालं.

प्रांजल झोपली होती. आई या वेळी 'हो, बोला ना' म्हणाली नाही. ऊर्जानंही तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. ती तिच्याजवळ सरकून बसली आणि वाट बघू लागली. ऊर्जाच्या वयाएवढा जुना थांबासुद्धा त्या चिमण्यांना ऐकू येत असेल का?